गळके छप्पर आणि निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइड : एका गोदामातील प्रकरणाचा अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोकणपट्टीतील एका औद्योगिक वसाहतीत असलेल्या मध्यम आकाराच्या रासायनिक कारखान्यातले आहे. कारखान्याचे, वसाहतीचे आणि माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. घटनेनंतर झालेल्या चौकशीत बाहेरचा सुरक्षा सल्लागार म्हणून मी सहभागी होतो, त्यामुळे पुढील निवेदन पाळीच्या नोंदवह्या, जागेची पाहणी आणि त्या रात्री हजर असलेल्यांचे जबाब यांवर आधारलेले आहे.

कारखान्यात सुगंधी द्रव्यांसाठी लागणारी ॲरोमॅटिक कीटोन ही सेंद्रिय संयुगे तयार होत असत. शार्ल फ्रिडेल आणि जेम्स क्राफ्ट्स यांनी १८७७ मध्ये मांडलेली अभिक्रिया हा त्या उत्पादनाचा कणा होता आणि तिच्यासाठी निर्जल, म्हणजे पाण्याचा अंश नसलेले, ॲल्युमिनियम क्लोराइड लागत असे. पाठ्यपुस्तकात त्याला उत्प्रेरक म्हणतात, त्यामुळे ते चिमूटभर लागत असेल असा समज होतो. प्रत्यक्षात कीटोन तयार होताच ते या क्लोराइडला आपल्याशी बांधून ठेवते, म्हणून जवळजवळ जेवढे कीटोन तेवढ्याच रेणुभाराच्या हिशेबाने, किंबहुना थोडे जास्तच, क्लोराइड घालावे लागते. एका बॅचला काही शे किलो माल सहज खपतो आणि गोदामात त्याचा साठा मोठा राहतो.

घटनेच्या दिवशी, म्हणजे जुलैच्या मध्यावर, गोदामात पन्नास किलोचे ३३ बंद ड्रम आणि एक अर्धवट वापरलेला ड्रम होता. ड्रम एचडीपीई या कठीण प्लास्टिकचे, आत पॉलिथिनची पिशवी आणि झाकणावर पत्र्याचे पकड-कडे, अशी नेहमीची बांधणी होती. त्याच छपराखाली, पाचेक मीटरवर, सांडपाणी प्रक्रियेसाठी आणलेल्या पॉलिॲल्युमिनियम क्लोराइडच्या गोणी रचलेल्या होत्या. या शेजाराचा परिणाम पुढे दिसला.

पदार्थाचा स्वभाव

निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइड हे पांढरे ते पिवळसर, दाणेदार पूड असलेले घन रसायन आहे. पिवळेपणा बहुधा लोहाच्या अंशामुळे येतो. नेहमीच्या दाबाखाली ते वितळत नाही. सुमारे १८० अंश सेल्सिअसला थेट बाष्प होते. गोदामाच्या दृष्टीने मात्र त्याचा एकच गुण महत्त्वाचा आहे, तो म्हणजे पाण्याशी असलेले वैर. पाण्याचा स्पर्श होताच उष्णता बाहेर पडते आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. एका किलोचे पूर्ण विघटन झाले तर जास्तीत जास्त सुमारे ८२० ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड मिळू शकतो, म्हणजे ड्रममधला बहुतेक भार वायूच्या रूपात बाहेर येऊ शकतो.

उष्णतेचे मापही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. एक किलो निर्जल क्लोराइड दहा लिटर पाण्यात विरघळले तर पाण्याचे तापमान पन्नास अंशांहून अधिक वाढते. मात्र एवढ्या पाण्यात सुटलेले आम्ल बहुतांशी विरघळूनच राहते, हवेत फारसे जात नाही. हेच एक किलो रसायन पेलाभर पाण्याने भिजवले तर उष्णतेला जायला जागा नसते, आम्लाला विरघळायला पाणी नसते आणि सगळा वायू धुराच्या लोटासारखा वर येतो. म्हणून या पदार्थाच्या बाबतीत ‘पाणी की पाणी नाही’ असा प्रश्न विचारणे अपुरे आहे. पाणी किती, आणि कशात काय घालायचे, हा खरा प्रश्न आहे. थोडे पाणी सर्वांत वाईट. या प्रकरणातील जवळजवळ प्रत्येक चूक थोड्या पाण्याची आहे.

आणखी एक गोष्ट लेबलाची. वाहतुकीच्या वर्गीकरणात हा पदार्थ यूएन १७२६ या क्रमांकाने वर्ग ८ मध्ये, म्हणजे त्वचा आणि धातू कुरतडणाऱ्या दाहक पदार्थांत बसतो. ‘ओले झाल्यास धोकादायक’ हे निळे चिन्ह पाण्याशी ज्वालाग्राही वायू सोडणाऱ्या पदार्थांसाठी राखलेले आहे. हायड्रोजन क्लोराइड जळत नाही, म्हणून ड्रमवर ते चिन्ह नसते. भांडारपालाला ड्रमवर हात आणि धातू कुरतडला जात असल्याचे तेच चित्र दिसते, जे ॲसिडच्या कॅनवर असते. त्याने हा माल ॲसिडच्या नियमाने ठेवला. ॲसिडच्या कॅनवर चार थेंब पडले तर काही बिघडत नाही.

समस्या

गोदामाचे छप्पर सिमेंटच्या नालीदार पत्र्यांचे होते. मे महिन्यात वरचा पंखा दुरुस्त करताना कोणाचा तरी पाय एका पत्र्यावर पडला आणि त्याला तडा गेला. पत्रा बदलण्याची मागणी देखभाल विभागाच्या वहीत नोंदलेली सापडली, पण काम झाले नव्हते. जूनमध्ये पाणी भिंतीलगत ठिबकत होते आणि तिथे माल नव्हता, त्यामुळे बादली ठेवून भागले. जुलैत नवा साठा आला, जागा कमी पडली आणि एक पॅलेट त्या भिंतीलगत गेले.

संध्याकाळी सातच्या सुमारास पाळी बदलताना अर्धवट वापरलेल्या ड्रमचे कडे नीट बसवले गेले नाही. त्यात अंदाजे वीस किलो माल होता. पाऊस वाढला, ठिबकणाऱ्या पाण्याची धार झाली आणि पावणेआठच्या आत फाटकावरील पहारेकऱ्याला गोदामाच्या झडपांतून पांढरा धूर निघताना दिसला. त्याला आग वाटली आणि आगीचीच वर्दी दिली गेली.

वीस किलोतून सैद्धांतिकदृष्ट्या सोळा किलोच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या तापमानाला सुमारे अकरा घनमीटर वायू सुटू शकतो. हे आकारमान एका लहान खोलीएवढेही नाही. पण हायड्रोजन क्लोराइडची कामाच्या जागी क्षणभरही ओलांडू नये अशी मर्यादा दशलक्ष भागांत ५ भाग आहे आणि ५० भागांना तो जिवाला तातडीचा धोका मानला जातो. अकरा घनमीटर वायू ५ भागांपर्यंत विरळ व्हायचा तर बावीस लाख घनमीटर हवा लागते. वारा नैर्ऋत्येचा होता आणि ईशान्येला, कुंपणापलीकडे, चहाची टपरी आणि कामगारांच्या खोल्या होत्या.

वायू मोजण्याचे साधन जागेवर नव्हते. पाळीच्या रसायनतज्ज्ञाने प्रयोगशाळेतील पीएच कागद पाण्यात भिजवून काठीच्या टोकाला लावला आणि कुंपणाच्या कडेने चालत गेला. टपरीजवळ कागद लाल झाला, म्हणजे तिथल्या हवेत आम्ल होते. मोजमाप म्हणून ही पद्धत कच्ची आहे, परंतु तेवढ्यावर त्याने वरच्या परवानगीची वाट न पाहता खोल्या रिकाम्या करायला सांगितले आणि लोकांना वाऱ्याला आडवे, दक्षिणेच्या रस्त्याने नेले. माझ्या मते त्या रात्रीचा हा सर्वांत चांगला निर्णय होता.

पहिला निर्णय : पाणी मारायचे की नाही

अग्निशमन दलाचा बंब आठ वाजून दहा मिनिटांनी आला. आगीची वर्दी असल्याने जवानांनी होज पसरायला सुरुवात केली. पाळीच्या पर्यवेक्षकाने अडवले, त्याच वेळी सांडपाणी विभागातील (ईटीपीतील) एक मदतनीस दलाच्या अधिकाऱ्यांना सांगत होता, “साहेब, ॲल्युमिनियम क्लोराइडच आहे ते. आम्ही रोज ईटीपीत पाण्यातच घालतो.” तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या माहितीतले क्लोराइड म्हणजे पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड, जे नगरपालिकांच्या जलशुद्धीकरण केंद्रांतही गढूळपणा खाली बसवण्यासाठी वापरतात आणि जे पाण्यात निमूटपणे विरघळते. भांडाराच्या फलकावर दोन्ही मालांपुढे एकच शब्द होता : ‘क्लोराइड’.

अधिकाऱ्यांसमोर दोन परस्परविरोधी विधाने आली. त्यांनी ड्रमवरील क्रमांक विचारला, तो पर्यवेक्षकाला पाठ नव्हता. सुरक्षा पत्रक कार्यालयात कुलपाआड होते. किल्ली येईपर्यंत नऊ मिनिटे गेली.

पत्रक आल्यावर चार पर्याय बोलले गेले. पहिला, एकदम प्रचंड पाणी सोडून सगळे धुऊन काढणे. हा वीस किलोपुरता कदाचित चाललाही असता, पण शेजारी दीड टनाहून अधिक माल उभा होता आणि त्यालाही पाणी लागले असते. दुसरा, काहीच न करता आत असलेला माल संपू देणे. पण वरून धार चालूच होती आणि ती पुढच्या ड्रमांवर पडत होती. तिसरा, छपरावर ताडपत्री टाकणे. तडकलेल्या, भिजलेल्या सिमेंटच्या पत्र्यावर रात्री माणूस चढवणे अधिकाऱ्यांनी ताबडतोब नाकारले आणि ते योग्यच होते. चौथा पर्याय स्वीकारला गेला : मालावर पाणी नाही, गोदामाबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, बारीक फवाऱ्याचा पडदा उभा करायचा म्हणजे बाहेर येणारा वायू त्यात विरघळून खाली बसेल, आत श्वसनयंत्र लावलेली दोन माणसे जाऊन धुरणारा ड्रम कोरड्या पदार्थाने झाकतील. फवाऱ्याचे पाणी आम्लयुक्त होणार, म्हणून पावसाळी गटाराचे तोंड वाळूच्या पोत्यांनी बंद केले गेले.

पाणी वायूवर चालते, घनावर चालत नाही, हा फरक त्या अंगणात उभे राहून करणे सोपे नव्हते.

झाकण्यासाठी आधी हाताशी आलेली वस्तू म्हणजे भिंतीवरच्या लाल बादल्यांतील वाळू. दीड महिन्याच्या कोकणी पावसात ती वाळू दमट झालेली होती. पहिली बादली ड्रमात पडताच धूर कमी होण्याऐवजी उसळला आणि आतला माणूस मागे सरला. नंतर सोडा ॲशच्या, म्हणजे सोडियम कार्बोनेटच्या, शिवलेल्या, कोरड्या गोणी उत्पादन विभागातून आणल्या. चार गोणी पसरल्यावर ओल्या जागी फेस आला, कारण आम्लाशी सोडा ॲशची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो. पण थर जाड होत गेला तसा धूर मंदावला. नऊच्या आसपास बाहेर दिसणारा लोट जवळपास थांबला.

दुसरा निर्णय : धुरणारा ड्रम की फुगलेला ड्रम

दरम्यान भिंतीलगतच्या पॅलेटवर सात बंद ड्रम ओले होते. झाकणाच्या खोलगट भागात पाणी साचले होते. दिवसा गरम झालेली आतली हवा रात्री आकसली की ती रबरी पट्टीच्या फटीतून बाहेरचे पाणी थोडे थोडे ओढून घेते. सातांपैकी दोन ड्रमांची झाकणे घुमटासारखी वर आली होती आणि पोट बाहेर निघाले होते. आत शिरलेले पाणी अगदी थोडे असणार. त्यातून सुटलेल्या वायूला मात्र जायला वाट नव्हती.

धुरणाऱ्या ड्रमकडे सगळ्यांचे लक्ष होते. हे ड्रम धूर सोडत नव्हते, म्हणून ‘चांगले’ समजले गेले. धूर थांबल्यावर उरलेला साठा कोरड्या शेडमध्ये हलवायचे ठरले आणि कोरडे २६ ड्रम सुरळीत गेले. मग एका कामगाराने फुगलेल्यांपैकी एक ड्रम हातगाडीवर घेण्यासाठी कलता केला. पर्यवेक्षक ओरडला, “अरे, आडवा करू नको!” तेवढ्यात कडे निसटले आणि झाकण उडाले. ते त्याच्या खांद्यावरून गेले. पूड उजव्या हातावर आणि मानेवर पडली. त्याच्या तोंडावर मुखवटा होता, पण त्यातील गाळणी सेंद्रिय बाष्पांसाठीची होती. आम्ल वायूसाठीची गाळणी कपाटात संपलेली होती.

जखमीवरील उपचार

इथे एक गोंधळ झाला, जो मला महत्त्वाचा वाटतो. तासभर सगळे एकमेकांना ‘पाणी नको’ असे बजावत होते, आणि आता जखमीला शॉवरखाली न्यायचे की नाही यावर दोघे अडखळले. वास्तविक त्वचेवरील कोरडी पूड चटकन झटकून, कपडे उतरवून, भरपूर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटे धरणे हाच उपाय आहे. ओला फडका मात्र लावायचा नाही. घामाने आणि ओल्या फडक्याने नेमके तेच होते, जे ड्रममध्ये झाले. दलातील एका जवानाने वेळ न घालवता त्याला शॉवरखाली ढकलले. मानेवरची जखम वरवरची राहिली, मनगटावर बाहीच्या घडीत पूड अडकली होती तिथे खोल भाजले.

रुग्णालयात तासाभराने त्याला बरे वाटत होते आणि तो घरी जायला निघाला होता. आम्ल वायूने फुप्फुसात पाणी साठण्याचा त्रास काही तासांनी उद्भवू शकतो, म्हणून डॉक्टरांनी त्याला दोन रात्री ठेवून घेतले. त्याला तसा त्रास झाला नाही.

उरलेल्या मालाचे काय

दुसरा फुगलेला ड्रम रात्री जागेवरच ठेवून भोवती वाळूची पोती रचली आणि वर, चौकटीवर, ताडपत्री धरली. सकाळी अकराच्या उघडिपीत त्याच्या कड्याच्या खटक्याला नायलॉनची दोरी बांधून ती भिंतीआडून ओढण्यात आली. दोनदा दोरी घसरली. तिसऱ्या ओढीला खटका उघडला, झाकण बोटभर उचलले गेले, फुस्स असा लांब आवाज झाला आणि पांढरा पट्टा छताकडे गेला. रात्री ज्याने एक माणूस जखमी केला, तेच काम सकाळी पंधरा मीटर दोरीने झाले.

भिजलेल्या सात ड्रमांतील आणि अर्धवट ड्रममधील माल खडे-खडे झालेला होता. खरेदी विभागाने तो भट्टीत वाळवून पुन्हा वापरण्याची सूचना केली. मालाची किंमत पाहता सूचना स्वाभाविक होती, पण रसायनशास्त्र तिला मान्यता देत नाही. पाणी घेतलेले ॲल्युमिनियम क्लोराइड तापवले की पाण्याबरोबर हायड्रोजन क्लोराइडही निघून जातो आणि शेवटी हाती ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) उरतो. वाळवण्याच्या नावाखाली दुसरी वायुगळती झाली असती.

दुसरा पर्याय तसाच भरून घातक कचरा केंद्राकडे पाठवण्याचा होता. अर्धवट विघटित माल बंद भांड्यात वाहून नेणे म्हणजे फुगलेला ड्रम रस्त्यावर आणणे, म्हणून तो सोडला. शेवटी कारखान्यातीलच काच-अस्तर असलेल्या रिॲक्टरमध्ये भरपूर थंड पाणी घेऊन, ढवळणी आणि कॉस्टिकचा स्क्रबर (सुटणारा वायू अल्कलीच्या द्रावणाने धुऊन घेणारे यंत्र) चालू ठेवून, माल फावड्याने थोडा थोडा पाण्यात सोडण्यात आला. पाणी मालावर ओतायचे नाही, माल पाण्यात घालायचा. प्रत्येक फावड्यानंतर तापमान उतरेपर्यंत थांबल्यामुळे या कामाला चार दिवस लागले. नंतर चुन्याने आम्ल मारल्यावर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा जेलीसारखा चिकट गाळ तयार झाला, त्याने गाळातले पाणी पिळून काढणाऱ्या फिल्टर प्रेसची कापडे वारंवार बुजवली, आणि तो गाळ रीतसर घातक कचरा म्हणून पाठवला गेला.

परिणाम

कुंपणाबाहेरच्या कोणालाही रुग्णालयात ठेवावे लागले नाही. डोळे आणि घसा चुरचुरण्याच्या तक्रारी होत्या. जखमी कामगार सात आठवड्यांनी कामावर आला. आठ ड्रमांचा माल गेला. आठवड्याभरात गोदामाच्या लोखंडी कैच्यांचे नटबोल्ट तांबूस भुगा सोडू लागले आणि शेजारच्या विद्युत पॅनेलमधील तांब्याचे संपर्कबिंदू हिरवे पडले. पॅनेल बदलावे लागले, आणि तो खर्च मालाच्या नुकसानीपेक्षा जास्त होता.

काय वेगळे करता आले असते

छपराचा पत्रा वेळेवर बदलायला हवा होता, हे सांगायला चौकशीची गरज नव्हती. पण पत्रा फुटलेलाच राहणार असेल तर त्या भिंतीलगत हा माल न ठेवणे हाही निर्णय होता आणि तो भांडारपालाच्या हातात होता. त्याला तो घेता आला नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो ॲसिडसारखाच एक दाहक माल होता. दोष त्याच्यावर टाकणे मला पटले नाही आणि अहवालात मी तसे लिहिले.

दुसरी गोष्ट क्रमाची. धूर सोडणारा ड्रम भीतिदायक दिसतो, पण त्यातला दाब मोकळा झालेला असतो. माणसे आत पाठवायची होती तेव्हा आधी बंद ड्रमांची झाकणे विजेरीने पाहून, फुगलेल्यांपासून अंतर राखूनच बाकीची हलवाहलव करायला हवी होती. त्यासाठी दोन मिनिटे पुरली असती. याउलट बाहेरच्या फवाऱ्याचा निर्णय आणि खोल्या रिकाम्या करण्याचा निर्णय मी आजही बदलणार नाही.

भिंतीवरील ‘या रसायनावर पाणी वापरू नये’ ही पाटी काढून तिच्या जागी तीन ओळी लिहिल्या गेल्या : सांडलेल्या मालावर पाणी नाही, बाहेरच्या वायूवर फवारा, अंगावर पडल्यास पूड झटकून भरपूर पाणी. तिसऱ्या ओळीबद्दल व्यवस्थापनाचा आक्षेप होता की एकाच पाटीवर ‘नाही’ आणि ‘भरपूर’ वाचून कामगार गोंधळतील. मदतनीस, भांडारपाल आणि पाळीतील सहा जणांना ती वाचून दाखवल्यावर कोणीही गोंधळले नाही, तेव्हा ती तशीच ठेवली. पॉलिॲल्युमिनियम क्लोराइडच्या गोणी दुसऱ्या इमारतीत गेल्या, फलकावरचा नुसता ‘क्लोराइड’ हा शब्द गेला, सुरक्षा पत्रकाची एक प्रत फाटकावरील पहारेकऱ्याकडे आली, आणि लाल बादल्यांतील वाळू काढून त्या गोदामापुरत्या झाकणाच्या पिंपात कोरडा सोडा ॲश ठेवला जाऊ लागला. जून ते सप्टेंबर या काळात आठवड्याला पुरेल तेवढाच माल मागवण्याचेही ठरले. त्यावर खरेदी विभागाची वाहतूक खर्चाची तक्रार पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालू होती.